माझ्या हाताखालून पुढे गेलेली

ती आमच्या गोदामात आली तेव्हा मी शिफ्ट मॅनेजर होतो आणि ती कॉम्प्युटरवर नोंदी करायला बसवलेली मुलगी. उरणच्या बाजूला कंटेनरमधला माल उतरवून साठवायचं आमचं मोठं गोदाम आहे. कुठला कंटेनर आधी उघडायचा, कुठला माल कुठल्या रॅकवर चढवायचा, कुठल्या गाडीला थांबवून ठेवायचं, हे सगळं तिला मी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात तिने दोन कंटेनरचे नंबर उलटसुलट केले आणि कोपऱ्यात जाऊन रडत बसली. मी म्हणालो, "रडून झालं की ये, मग बघू चुकलं कुठे." पाच मिनिटांत ती डोळे पुसून, वही घेऊन समोर उभी.

ती दिवाळे गावची, बेलापूरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आई मासे विकायची. मी मूळचा साताऱ्याकडचा. वडील वाशीच्या मार्केटात गोणी वाहायचे. घरातून कॉलेजात गेलेले आम्ही दोघंही पहिलेच, म्हणून तिच्याबद्दल मला आपलेपणा वाटायचा. निदान तेव्हा मी त्याला आपलेपणाच म्हणत होतो.

नऊ वर्षांनी ती त्याच गोदामाची मुख्य झाली. ती जागा मला मिळणार असं मीच काय, सगळेच धरून चालले होते. हेड ऑफिसचे साहेब आले, कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि तिचं नाव घेतलं. सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. कोणी माझ्या तोंडाकडे बघायच्या आत हात हलायला हवे होते, म्हणून. ती सरळ माझ्याकडे आली आणि पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यातच धरलं, "अगं, राहू दे." लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. खरं तर सगळ्यांसमोर वाकून ती आणखी चांगली दिसली असती, आणि ते मला बघवणार नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, "झालं का जाहीर?"

"झालं. तिला दिली जागा."

बायकोने ताट वाढायला घेतलं आणि म्हणाली, "पोरगी चांगली आहे पण."

"चांगलीच आहे," मी म्हणालो आणि अ‍ॅसिडिटीचं कारण सांगून जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला काय म्हणायचं हा एक प्रश्नच झाला. नऊ वर्षं मी तिला अगं-तुगं करत आलो होतो. आता मीटिंगमध्ये 'मॅडम' म्हणालो तर जीभ अडायची, आणि 'तू' म्हणालो तर बाकीचे माझ्याकडे बघायचे. मग मी नावच घ्यायचं सोडलं. "ते रॅकचं जरा बघायला पाहिजे," असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचो. ती मात्र मला आधीसारखंच 'सर' म्हणत राहिली. त्याचाही मला राग यायचा.

तिने एक नवीन पद्धत सुरू केली. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना डॉकवर, माल उतरवायला गाड्या लागतात तिथे, उभं करायची. हातात फाइल नाही, काही नाही. कामाचं दोन मिनिटांत सांगून झालं की विचारायची, "आज कोणाला काय जड जातंय?" पहिल्या दिवशी मी मनात हसलो. गोणी उचलणारी, ट्रक भरणारी माणसं. ही काय मन मोकळं करणार. चौथ्या-पाचव्या दिवशी एकाने सांगितलं की मुलीची बारावी आहे आणि घरात सतत भांडणं होतायत. दुसऱ्याने सांगितलं, सुपरवायझर सगळ्यांसमोर आईवरून बोलतो. तिने ऐकून घेतलं, सुपरवायझरशी वेगळं बोलली. महिन्याभरात माणसं आपणहून बोलायला लागली, आणि तिच्या टेबलाशी कायम कोणी ना कोणी उभं दिसायला लागलं.

माझ्या केबिनच्या काचेतून तिचं टेबल दिसायचं. मी मोजायचो. आज सकाळपासून सात जण. माझ्याकडे दोन, तेही सह्या घ्यायला. ती हसली की काय बोलणं चाललं असेल याचा अंदाज बांधायचो. कोणी तिला घरून डबा आणला, तर काय आणलं ते जाता जाता बघून घ्यायचो. पन्नाशीचा माणूस मी, आणि दिवसभर दुसऱ्याच्या डब्यात डोकवत होतो. हे कोणाला कळलं असतं तर मी मान वर केली नसती, पण थांबताही येत नव्हतं.

आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण होता. माझ्याच मुलखातला, कोरेगावकडचा. एरवी हात एकदम साफ, पण तीन-चार महिन्यांत त्याने दोनदा गाडी मालावर ठोकली. मी त्याला दोन मेमो दिले. दुसऱ्या वेळी म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं? झोपून येत जा जरा." त्याने मान खाली घालून सही केली.

एक दिवस सकाळी डॉकवर तो म्हणाला, "मॅडम, मला गाडीवर बसायची भीती वाटतेय. भाऊ गेल्यापासून झोप नाही. डोळ्यासमोर तोच येतो."

तिने पुढे होऊन त्याच्या हातातली किल्ली घेतली. "आज गाडीवर नको. आठ-पंधरा दिवस मोजणीवर बस. आणि उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत."

महिन्याभराने तो परत गाडीवर बसला, पूर्वीसारखा. मी त्याला एकटं गाठून विचारलं, "माझ्याशी का नाही बोललास? आपण एकाच भागातले."

तो जरा गोंधळला. मग अगदी सरळपणे म्हणाला, "सर, तुमच्याकडे आलं की कामाचंच बोलायचं असतं ना."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला ते दिवसभर टोचत राहिलं. त्याचा भाऊ गेला होता हे मला माहीतच नव्हतं, याची लाज वाटायला हवी होती. मला वाटलं ते वेगळंच. हे सगळं ही मुद्दाम करते, लोकांना आपल्या बाजूला ओढून घेते, असं वाटलं.

आता जे मी केलं ते सांगायचं, तर त्याच्या चार वर्षं आधीचं सांगावं लागेल.

तेव्हा गोदामात एक रॅक कोसळला होता. तिच्या शेजारी उभा असलेला माणूस खाली सापडला. पुढे तो बरा झाला. तिला खरचटलंही नाही. पण दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी ती पार्किंगमध्ये माझ्या गाडीला धरून उभी होती. श्वास लागलेला, हात थंड. "सर, मी मरतेय बहुतेक," एवढंच म्हणाली. मी तिला गाडीत घालून नेरुळच्या एका हॉस्पिटलात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. तिथल्या डॉक्टरने समजावून सांगितलं की हे भीतीचे झटके आहेत, आणि मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. पहिल्या तीन वेळा तिला मीच घेऊन गेलो, बाहेर बाकावर बसून राहिलो. ऑफिसात सांगितलं, ताप आहे. तिला गोळ्या सुरू झाल्या.

"सर, आईलासुद्धा नाही सांगितलंय," ती म्हणाली होती.

"माझ्याकडून कोणाला कळणार नाही," मी म्हणालो होतो, आणि चार वर्षं खरंच कोणाला कळू दिलं नव्हतं.

ती मुख्य झाल्यावर सहा-सात महिन्यांनी हेड ऑफिसचे साहेब परत आले. पनवेलच्या बाजूला याहून मोठं गोदाम उभं राहत होतं. जेवताना आम्ही दोघंच होतो. साहेब म्हणाले, "तिच्याकडेच द्यावं म्हणतो तेपण. तुम्ही तिला सगळ्यात जास्त ओळखता. झेपेल?"

मी पोळीचा तुकडा मोडला. विचार करतोय असं दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणालो, "हुशारीचा प्रश्नच नाही. फक्त प्रेशर किती येईल ते बघा. मागे तिला जरा तब्येतीचा त्रास झाला होता. म्हणजे मनाचा. गोळ्या वगैरे चालू होत्या. मला तिची काळजी वाटते, बाकी काही नाही."

शेवटचं वाक्य बोलताना मी स्वतःही त्यावर विश्वास ठेवला. ते आजही मला सगळ्यात वाईट वाटतं. खोटं काहीच बोललो नव्हतो.

साहेब "अच्छा" म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

पंधरा दिवसांनी मेल आला. नवीन गोदामाची जबाबदारी माझ्याकडे. ती पेढे घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. "सर, मनापासून अभिनंदन. हे तुम्हालाच मिळायला पाहिजे होतं." मी पेढा खाल्ला. दोन-तीन दिवस फार हलकं वाटलं. मग कळलं की एचआरने तिच्याकडे डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागितलंय, आणि तेही मानसोपचार करणाऱ्यांचं.

ती माझ्याकडे आली नाही. दोन दिवस सुट्टीवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी डॉकवर उभी राहिली. मी मागे खांबापाशी होतो.

"आज मला जड जातंय, म्हणून मीच बोलते," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी मी आजारी होते. भीतीचे झटके यायचे. दीड वर्ष गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या. परत लागल्या तर परत घेईन. हे वरती कळलंय आणि मला सर्टिफिकेट मागितलंय. ते मी देणार आहे. काल आईला सांगितलं, आज तुम्हाला सांगतेय. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माझ्या पोरालापन हाय तसंच. तो घराबाहेर पडत नाय." फोर्कलिफ्टवाला पुढे येऊन तिच्या बाजूला उभा राहिला.

आणि मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहितो. मला शरम वाटली नाही. मला तिचा हेवा वाटला. मी जे तिला खाली ओढायला वापरलं, तेच हातात घेऊन ती आणखी वर गेली होती. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं खरं काहीच नव्हतं, आणि असतं तरी असं उभं राहायची माझ्यात ताकद नव्हती. तिचं पद, तिची माणसं यांच्यावर जळणं मी समजू शकत होतो. पण आता मी तिच्या आजारपणावर जळत होतो.

नव्या गोदामाचं काम सुरू झालं आणि माझा जबडा दुखायला लागला. जेवताना घास चावला जाईना. सीवूड्सला आमच्या घराजवळ एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, "दात झिजलेत तुमचे. दात खाता का? टेन्शन आहे काही?" मी नाही म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सहा महिने झाले, तुम्ही टीव्ही बघतानासुद्धा दात आवळून बसता. आम्ही दोघी तुमच्याशी बोलायला घाबरतो." आम्ही दोघी म्हणजे ती आणि आमची मुलगी.

शेवटी मुलीनेच एका समुपदेशक बाईंचा पत्ता काढला. स्टेशनच्या पलीकडे, एका मेडिकलच्या वर त्यांची खोली होती. जिना चढताना मी मागे वळून बघितलं, कोणी ओळखीचं नाही ना. पहिल्या दोन वेळा मी फक्त कामाच्या ताणाचं बोललो. तिसऱ्या वेळी तिच्याबद्दल बोलायला लागलो आणि साहेबांशी झालेल्या जेवणापर्यंत आलो. बाईंनी चूक की बरोबर काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "ती आजारी होती, तुम्ही तिला डॉक्टरकडे न्यायचात, तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं?"

"बरं वाटायचं," मी म्हणालो.

"कशामुळे?"

मी पंख्याकडे बघितलं. तिला माझी गरज होती, म्हणून बरं वाटायचं. ती रडायची आणि मी शहाणा असायचो. मी तिच्यावर माया करत होतो ती ती खाली असेपर्यंत. ज्या दिवशी तिला माझी गरज उरली नाही, त्या दिवशी माझी माया संपली. हे मी तोंडाने बोललो तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत आहे असं वाटतंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी मी दिवाळ्याला गेलो. आधी फोन करून गेलो. तिच्या घरासमोर आई सुकत घातलेले मासे उलटत होती. मला बघून हात पुसत उठली. "तुमीच ना तिला डाक्टरकडं नेलं व्हतं? तिनं सांगितला मना. बसा, चाय पिऊन जावा." तिने आतून खुर्ची आणून पदराने पुसली. त्या खुर्चीवर बसणं मला फार अवघड गेलं. चहा कसाबसा संपवला आणि तिला म्हणालो, "जरा जेट्टीकडे जाऊया?"

होड्या चिखलात टेकलेल्या होत्या, ओहोटी होती. मी वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती आठवली नाहीत. "साहेबांना मी सांगितलं होतं," एवढंच म्हणालो. "काळजीने नाही. तुला मिळू नये म्हणून."

"माहीत आहे, सर," ती खाडीकडे बघत म्हणाली.

"कधीपासून?"

"सर्टिफिकेट मागितल्यावर दोन दिवस मी घरी होते ना. पहिल्या दिवशी मला वाटलं डॉक्टरांकडून फुटलं. त्यांच्या क्लिनिकमध्ये जाऊन मी भांडले. त्यांच्या रिसेप्शनवरच्या बाईला नाही नाही ते बोलले. तुमच्यावर संशयच आला नाही. दुसऱ्या दिवशी आला." ती माझ्याकडे वळली. "मला त्याचंच जास्त लागलं. मी त्या बाईला उगीच बोलले."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हो."

ती जेट्टीच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही मला शिकवलंत ते खरं आहे. दवाखान्यात नेलंत तेपण खरं आहे. आणि हेपण. मला अजून हे तिन्ही एकत्र धरता येत नाही. माफ केलं असं मी आज म्हणणार नाही, सर. उगीच तोंडदेखलं होईल."

"नको म्हणूस."

"आईला मी सांगणार नाही. तिला तुम्ही देवमाणूस वाटता."

सोमवारी मी साहेबांना फोन केला आणि जे तिला सांगितलं तेच सांगितलं. नवीन गोदाम तिच्याकडे द्यावं, असंही म्हणालो. ते चिडले. "तुम्ही लोक आपापसातलं आधीच मिटवत जा ना," म्हणाले. काम अर्ध्यावर आलं होतं, त्यामुळे माणूस बदलायला त्यांनी नकार दिला. सर्टिफिकेटची मागणी मात्र मागे घेतली, आणि तिला लेखी दिलगिरी पाठवली. वर्षाअखेर माझ्या कामाचा आढावा झाला, त्यात माझ्या बढतीपुढे काट मारलेली होती. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

आता मी पनवेलच्या बाजूच्या गोदामात असतो, ती उरणला. माझ्याकडे माणसं अजून फारशी मोकळी होत नाहीत. फोर्कलिफ्टवाल्याला मी इकडे ये म्हणून विचारलं, तो नको म्हणाला. मी त्याला दिलेले दोन्ही मेमो फाइलमधून काढून रद्द करून घेतले, आणि ते कशासाठी केलं ते त्याला समोर बसवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. घरी मुलगी आता माझ्या शेजारी बसून टीव्ही बघते. रात्री दातांवर प्लॅस्टिकची पट्टी लावून झोपावं लागतं. दुखणं कमी आहे. समुपदेशक बाईंकडे महिन्यातून एकदा जातो आणि जिना चढताना मागे बघत नाही.

हेवा गेलेला नाही. मध्यंतरी बेलापूरला सगळ्या गोदामांची बैठक झाली. तिच्या गोदामातून वर्षभरात जवळजवळ कोणी नोकरी सोडून गेलं नव्हतं. ते कसं जमलं हे ती साध्या शब्दांत सांगत होती, आणि साहेबांसकट सगळे लिहून घेत होते. माझं ते जुनंच परत पेटलं, अगदी ओळखीचं. फरक एवढाच की या वेळी मला त्याचं नाव माहीत होतं. बैठक संपल्यावर ती लिफ्टपाशी एकटी उभी होती. मी तिच्याजवळ गेलो.

"खरं सांगू? समुपदेशक बाईंकडे जातोय मी हल्ली, तरी आज तुला ऐकताना परत जळलो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, फारशी मायाही नव्हती.

"सर, हे तुम्ही तुमच्या त्या बाईंना सांगा," ती म्हणाली. "मला नको. माझ्याकडे माझंच पुष्कळ आहे."

लिफ्ट आली. ती आत गेली आणि मला यायला जागा करून बाजूला सरकली. मी जिन्याने गेलो. चार मजले उतरेपर्यंत मला कळलं होतं की ती बरोबर बोलली, आणि खाली येऊन मी समुपदेशक बाईंची पुढची वेळ फोन करून अलीकडे घेतली.